वेगाच्या जाहिरातीत हरवलेला विलंब

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याने, म्हणजे एनबीएनने, 14 सप्टेंबर 2025 रोजी मोठी वेगवाढ लागू केली. फायबर किंवा एचएफसी केबल पोहोचलेल्या घरांसाठीचा 100 मेगाबिटचा डाउनलोड प्लॅन 500 मेगाबिटचा झाला, आणि त्यासाठी घाऊक दर वाढवला गेला नाही. या निर्णयाचे स्वागतच करायला हवे. तरीही सिडनी किंवा मेलबर्नच्या घरातून संध्याकाळी पुण्याला, कोल्हापूरला लावलेला व्हिडिओ कॉल मध्येच अडकतो, समोरचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो, दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही एकाच वेळी थांबतात, ही तक्रार एवढ्याने मिटणारी नाही. एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते हे झाले वेगाचे मोजमाप. एक पॅकेट, म्हणजे माहितीचा एक छोटा तुकडा, इकडून तिकडे पोहोचायला किती वेळ लागतो हे विलंबाचे. पहिले वाढवले की दुसरे आपोआप कमी होते, या समजुतीवर ऑस्ट्रेलियात गेली पंधरा वर्षे राजकारण झाले, जाहिराती झाल्या आणि ग्राहकांचे पैसे खर्च झाले. ही समजूत अर्धवट आहे, आणि ती दुरुस्त करायची तर कंपन्यांना विलंबही तितक्याच ठळक अक्षरांत जाहीर करायला लावणे हाच उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे.

विलंब कशाकशाचा बनतो ते आधी पाहू. पहिला वाटा अंतराचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. सिडनी ते पर्थ हे हवाई अंतर जवळपास 3,300 किलोमीटर आहे. जाऊन येऊन 33 मिलिसेकंद लागणारच. सिडनी ते मुंबई दहा हजार किलोमीटरहून थोडे जास्त; तिथे जाण्यायेण्याचे किमान 100 मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. दुसरा वाटा पॅकेट तारेवर चढवण्याचा, तिसरा वाटेतल्या रांगांचा, आणि चौथा हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्याचा. अंतराचा वाटा कुणाच्याच हातात नाही. उरलेले तीन मात्र माणसांनी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असतात, आणि नेमके त्या तिघांबद्दल ग्राहकाला कुणी काही सांगत नाही.

वेग वाढवला की सगळे सुरळीत होते, या समजुतीला एके काळी पक्का आधार होता, हेही मान्य करायला हवे. 23 जून 1989 च्या रात्री मेलबर्न विद्यापीठाचे रॉबर्ट एल्झ आणि हवाई विद्यापीठाचे टॉर्बन नील्सन यांनी ऑस्ट्रेलियाला इंटरनेटशी कायमचे जोडले. उपग्रहावरून जाणाऱ्या त्या जोडणीची क्षमता सेकंदाला 56 किलोबिट होती. दीड हजार बाइटचे एक पूर्ण आकाराचे पॅकेट म्हणजे बारा हजार बिट. ते नुसते त्या जोडणीवर चढवायलाच 200 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागे. पुढे एखादे मोठे पॅकेट चालले असेल, तर मागच्या लहानग्या पॅकेटला तेवढे थांबावेच लागे. त्या काळात क्षमता वाढवणे हाच विलंबावरचा उपाय होता. आज 50 मेगाबिटच्या जोडणीवर तेच पॅकेट पाव मिलिसेकंदात चढते. त्या कारणाने होणारा विलंब घरगुती वापरापुरता संपल्यातच जमा आहे. कारण गेले, पण त्या कारणावरचा उपाय मात्र आजही प्रत्येक दुखण्यावर सुचवला जातो.

आज मोठा वाटा रांगेचा आहे. प्रत्येक राउटरमध्ये, मोडेममध्ये, वाय-फायच्या चिपमध्ये पॅकेटे थोपवून धरण्यासाठी स्मृतीची जागा असते. स्मृती स्वस्त झाली तशी उत्पादकांनी ही जागा सढळ हाताने वाढवली. एकही पॅकेट टाकून द्यावे लागू नये, हा हेतू. हिशेब मात्र निष्ठुर आहे. एनबीएनवर वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या 25 मेगाबिट डाउनलोड आणि 5 मेगाबिट अपलोडच्या प्लॅनवर एखाद्या मोडेममध्ये एक मेगाबाइटची रांग भरली, तर ती रिकामी व्हायला 1.6 सेकंद लागतात. घरात कुणाच्या फोनने फोटो क्लाउडवर चढवायला सुरुवात केली की ती रांग भरते, आणि त्याच वेळी कॉलवर बोलणाऱ्याचा प्रत्येक शब्द तिच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. डाउनलोड पाचपट झाला तरी अपलोडची रांग अपलोडच्याच गतीने सरकणार. 2025 च्या वाढीत डाउनलोड 100 चा 500 झाला, अपलोड 20 चा 50 झाला. खोपोलीच्या अलीकडे रस्ता आठपदरी केला म्हणून बोरघाटातली कोंडी सुटत नाही. अरुंद जागा जिथे आहे तिथेच गाड्या तुंबतात.

ही गोष्ट अभियंत्यांना नवीन नाही, आणि म्हणूनच इतकी वर्षे ती दुर्लक्षित राहणे जास्त खटकते. जॉन नेगल यांनी 1985 मध्येच अमर्याद साठवण असलेल्या पॅकेट-यंत्रांवर टिपण लिहून दाखवून दिले होते की रांगेला कितीही जागा दिली तरी गर्दीचा प्रश्न सुटत नाही. 2010 च्या सुमारास जिम गेटिस यांनी घरगुती जोडण्यांमधला हा फुगलेल्या रांगांचा दोष जगापुढे मांडला आणि त्याला बफरब्लोट हे नाव रूढ झाले. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत दिली. रांगेत किती पॅकेटे आहेत हे ती पाहत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभे आहे हे पाहते, आणि तो वेळ बराच काळ मर्यादेबाहेर राहिला तर काही पॅकेटे मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला हात आवरायला लावते. त्यापुढची एफक्यू-कोडेल ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे मोठ्या अपलोडमागे कॉलचा आवाज अडकत नाही. 2018 च्या जानेवारीत ती इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेत आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियाचा यातला वाटाही लहान नाही. मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठात ग्रेनव्हिल आर्मिटेज यांच्या गटाने या पद्धती फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी लिहून 2016 मध्ये खुल्या केल्या, आणि आज जगभरातले अनेक फायरवॉल त्या वापरतात. ज्या देशाच्या विद्यापीठाने हे औषध इतरांना वापरण्याजोगे करून दिले, त्याच देशातल्या घरोघरच्या स्वस्त मोडेममध्ये ते घातले आहे की नाही हे ग्राहकाला खोक्यावर वाचायला मिळत नाही.

आता मोठ्या पॅकेटांकडे वळू, कारण इथे दोष जाळ्याचा कमी आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा जास्त असतो. व्हिडिओ, गेम किंवा सेन्सरची माहिती सतत पाठवणारा प्रोग्रॅम लिहिताना एकदम मोठा गठ्ठा पाठवण्याचा मोह होतो, आणि इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या यूडीपी या पद्धतीत जवळपास 64 किलोबाइटपर्यंतचा गठ्ठा पाठवता येतोही. पण इथरनेटच्या चौकटीत दीड हजार बाइटच मावतात. त्यामुळे त्या गठ्ठ्याचे 45 तुकडे होतात, आणि पलीकडे सगळे तुकडे पोहोचले तरच गठ्ठा पुन्हा जुळतो. एक जरी हरवला तरी उरलेले 44 कचऱ्यात जातात. जाळ्यात शंभरातले एक पॅकेट हरवत असेल, तर साध्या गुणाकाराने दिसते की असे मोठे गठ्ठे शंभरातले छत्तीस निकामी होतात. हजारातले एक हरवत असेल तरी शंभरातले चार-पाच जातातच. वापरणाऱ्याला वाटते नेट खराब आहे. नेट शंभरात नव्याण्णव पॅकेटे नीट पोहोचवत असते. तेच गठ्ठे बाराशे बाइटच्या आसपास कापून, प्रत्येकाला क्रमांक देऊन पाठवले, तर हरवलेल्या एका तुकड्यामुळे चित्राचा एक कोपरा क्षणभर धूसर होईल. अख्खे चित्र जाणार नाही.

त्यात ऑस्ट्रेलियाची आणखी एक अडचण आहे. एनबीएनकडून सेवा घेऊन ती ग्राहकांना विकणाऱ्या तिथल्या अनेक किरकोळ कंपन्यांनी जुन्या एडीएसएलच्या काळापासूनची पीपीपीओई ही जोडणी-पद्धत एनबीएनवरही चालू ठेवली. ती आठ बाइट स्वतःसाठी ठेवते, म्हणजे पॅकेटाला 1,500 ऐवजी 1,492 बाइटचीच जागा उरते. दीड हजारचे पॅकेट आले आणि त्याचे तुकडे करायला मनाई असली, तर राउटरने पाठवणाऱ्याला उलट निरोप द्यायचा असतो की आकार कमी कर. सुरक्षेच्या नावाखाली हे निरोप अडवणारे फायरवॉल जगात पुष्कळ आहेत. निरोप मिळत नाही, पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि जोडणी जिवंत दिसत असूनही काहीच पुढे सरकत नाही. अशा दोषाची खूण ओळखू येण्यासारखी असते: चॅटचे छोटे संदेश जातात, लॉग-इन होते, आणि मोठी फाइल किंवा व्हिडिओ सुरू होताच सगळे गोठते. ब्रिस्बेनमधल्या एपनिक या संस्थेचे मुख्य शास्त्रज्ञ जेफ ह्यूस्टन गेली अनेक वर्षे प्रत्यक्ष मोजणी करून लिहीत आले आहेत की इंटरनेटवर, विशेषतः आयपीव्ही 6 मध्ये, तुकडे झालेली पॅकेटे मोठ्या प्रमाणात पोहोचतच नाहीत. 1989 पासून ऑस्ट्रेलियन इंटरनेटच्या उभारणीत असलेल्या माणसाने सांगितलेली ही गोष्ट आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ती कानाआड करू नये.

आणखी एक हिशेब वेगाच्या भक्तांसमोर ठेवण्यासारखा आहे. टीसीपी या पद्धतीत पाठवणारा पोच मिळेपर्यंत ठरावीक माहितीच हवेत सोडू शकतो. जुन्या किंवा निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ही मर्यादा 64 किलोबाइट असते. सिडनीहून लॉस एंजेलिसला जाऊन यायला 150 मिलिसेकंद धरले, तर अशा प्रोग्रॅमला सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या वर जाताच येत नाही, मग घरात 25 मेगाबिटचा प्लॅन असो की हजारचा. वरचे पैसे भरून ग्राहकाला यात काडीचाही फायदा होत नाही. शिवाय टीसीपीमध्ये एक पॅकेट हरवले की त्यामागची सगळी पोहोचलेली पॅकेटे ते परत येईपर्यंत अडवून ठेवली जातात. 150 मिलिसेकंदांच्या मार्गावर हा थांबा प्रत्येक वेळी निदान तेवढा असतो. अंतर लांब असलेल्या देशात राहणाऱ्यांना हरवलेले प्रत्येक पॅकेट महाग पडते, आणि ऑस्ट्रेलिया जवळजवळ प्रत्येकापासून लांब आहे.

एवढे सगळे माहीत असताना सार्वजनिक चर्चा वेगाभोवतीच का फिरली, याचे उत्तर एनबीएनच्या इतिहासात आहे. 2009 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने 90 टक्के घरांना थेट फायबर देण्याची योजना मांडली. 2013 मध्ये सत्ताबदल झाला आणि लाखो घरांपर्यंत शेवटच्या टप्प्यात जुनी तांब्याची तारच ठेवण्याचे ठरले. त्यानंतरचा वाद साहजिकच कुणाला किती मेगाबिट मिळतात यावर झाला. तो वाद निरर्थक नव्हता: तांब्यावर विकलेला वेग प्रत्यक्षात मिळणे शक्यच नव्हते म्हणून 2017 मध्ये टेल्स्ट्रासारख्या सर्वांत मोठ्या कंपनीला 42,000 ग्राहकांना भरपाई देऊ करावी लागली. त्याच वर्षी स्पर्धा आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, जाहिरातीत कागदावरचा कमाल वेग न देता संध्याकाळी 7 ते 11 या गर्दीच्या वेळेतला वेग द्यावा अशी मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि घरांतल्या मोजणी-पेट्यांच्या आधारे 2018 पासून अहवाल प्रसिद्ध केले. जगात फार कमी देशांनी इतके प्रामाणिक काम केले आहे. त्या अहवालांत विलंबाचे आकडेही येतात, पण ग्राहक ज्या जाहिरातीकडे पाहून निर्णय घेतो तिथे ठळक छापला जातो तो वेगच.

संध्याकाळच्या कोंडीचे मूळही दरपद्धतीत होते. किरकोळ कंपन्यांनी ग्राहकांसाठीची एकत्रित क्षमता, सीव्हीसी, एनबीएनकडून वेगळे पैसे मोजून घ्यायची अशी पद्धत ठरली होती. पैसे वाचवायला क्षमता कमी घेतली की गर्दीच्या वेळी रांग लागणार हे उघड होते; ग्राहकाने आपला प्लॅन वरचा घेतला तरी तो त्याच अपुऱ्या सामाईक जागेत येऊन थांबणार. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे लोक घरी बसले तेव्हा एनबीएनने चाळीस टक्क्यांपर्यंत जादा क्षमता विनामूल्य दिली, आणि डिसेंबर 2023 पासून 100 मेगाबिट व त्यावरच्या प्लॅनवरून ही आकारणी काढून टाकली. धोरणात बदल केला की रांग कमी होते, याचा याहून सरळ पुरावा नको. 2018 च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी दोष तर आणखी वेगळ्याच टोकाला होता. ऑप्टस या कंपनीच्या इंटरनेटवरील प्रक्षेपणात सामने दिसेनात, पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांना कंपनीच्या प्रमुखांशी बोलावे लागले आणि सामने एसबीएस या सार्वजनिक वाहिनीकडे गेले. हजारो प्रेक्षकांच्या घरातली जोडणी त्या रात्री ठणठणीत होती.

वेग आणि विलंब वेगळे आहेत हे सर्वांत स्पष्ट दिसते ते ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात. 2015 आणि 2016 मध्ये एनबीएनने स्काय मस्टर नावाचे दोन उपग्रह सोडले. ते जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवर आहेत, त्यामुळे प्रश्न वर जाऊन खाली येणे आणि उत्तर वर जाऊन खाली येणे यातच जवळपास दीड लाख किलोमीटर खर्ची पडतात. एसीसीसीच्या 2024 मधल्या मोजणीत त्यांच्या वरच्या प्लॅनचा वेग 80 मेगाबिटच्या पुढे होता आणि विलंब साडेसहाशे मिलिसेकंदांहून जास्त. सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकचा विलंब त्याच मोजणीत 30 मिलिसेकंदांच्या आसपास होता. 80 मेगाबिट म्हणजे अनेक शहरी घरांपेक्षा चांगला वेग. तरी त्या जोडणीवर शिक्षिकेने प्रश्न विचारला आणि शेकडो मैलांवरच्या मेंढपाळ वस्तीतल्या मुलीने उत्तर दिले, तर दोघींच्या मध्ये प्रत्येक वेळी मोठी पोकळी राहते. ॲलिस स्प्रिंग्सला 1951 मध्ये रेडिओवर सुरू झालेल्या आकाशवाणी-शाळेत निदान आवाज तत्क्षणी पोहोचत असे. शेवटी एनबीएनने ऑगस्ट 2025 मध्ये या जोडण्यांसाठी ॲमेझॉनच्या कमी उंचीच्या उपग्रहांशी करार जाहीर केला, हे मला त्यांनी विलंबाचे महत्त्व मान्य केल्याचे लक्षण वाटते. मग जे दूरवरच्या तीन लाख घरांसाठी मान्य केले, ते सिडनीच्या पॅरामाट्टा उपनगरातल्या सदनिकेसाठी का मान्य करायचे नाही?

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की रांग लागते ती क्षमता कमी पडते म्हणून. क्षमता भरपूर केली की रांगच लागणार नाही. काही प्रमाणात हे खरे आहे. 500 मेगाबिटच्या डाउनलोडवर एका व्हिडिओने रांग भरणे अवघड. पण टीसीपीची रचनाच अशी आहे की मोठी फाइल जाताना ती उपलब्ध असेल तेवढी जागा भरून पाहते, आणि सर्वांत अरुंद जागी रांग भरेपर्यंत थांबत नाही. बाहेरची तार रुंद केली की अरुंद जागा घरातल्या वाय-फायवर येते. तिथे दोन भिंतींपलीकडे मिळणारी क्षमता क्षणाक्षणाला बदलते आणि रांग पुन्हा तयार होते. त्यामुळे क्षमता वाढवणे आणि रांगेचे व्यवस्थापन करणे ही दोन्ही कामे हवीत. पहिल्यावर अब्जावधी डॉलर खर्च झाले आहेत. दुसरे बहुतेक वेळा मोडेमचे सॉफ्टवेअर बदलून होते.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा: पॅकेट मोठे असले तर शीर्षकावर वाया जाणारे बाइट कमी होतात, प्रोसेसरवरचा भार कमी होतो, मग लहान तुकड्यांचा आग्रह कशाला? जिथे वाटेतला प्रत्येक स्विच आपल्याच ताब्यात आहे तिथे हे म्हणणे अगदी बरोबर आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन भागात स्क्वेअर किलोमीटर ॲरेची लो दुर्बीण उभी राहत आहे, 131,072 अँटेना असलेली. अशा दुर्बिणींच्या अंतर्गत जाळ्यांत नऊ हजार बाइटची जंबो पॅकेटे वापरतात, कारण तिथे माहितीचा लोंढा प्रचंड असतो आणि जाळे त्याच एका कामासाठी बांधलेले असते.  पण सार्वजनिक इंटरनेटवर तोच न्याय लावता येत नाही. दीड हजारच्या पॅकेटमध्ये शीर्षकाचे 40 बाइट म्हणजे पावणेतीन टक्क्यांहूनही कमी. तेवढे वाचवण्यासाठी अख्खा गठ्ठा पणाला लावणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

तिसरा आक्षेप असा की सामान्य ग्राहकाला मिलिसेकंद कळणार नाहीत. मेगाबिट तरी कुठे कळत होते? जाहिरातींनी ते शिकवले. शिवाय विलंब समजायला वेग समजण्याइतके गणित लागत नाही: समोरच्याने ऐकून उत्तर देईपर्यंत किती थांबावे लागते, हे आजीलाही जाणवते. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत संभाषणासाठी एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा असे फार पूर्वीच सांगितले आहे. सिडनी-मुंबईच्या अंतरात त्यातले किमान 50 जातात, वळणावळणाच्या मार्गाने आणखी काही. उरलेल्या तुटपुंज्या शिल्लकीत एका भरलेल्या अपलोड-रांगेने सेकंदभर घालवला तर संभाषण मोडणारच. त्यात वेळेची अडचण अशी की सिडनीची संध्याकाळची 7 ते 11 ही गर्दीची वेळ हिवाळ्यात भारतातली दुपारी अडीच ते साडेसहा असते. सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडची माणसे मोकळी असतात ती याच वेळी, म्हणजे परदेशातल्या मराठी कुटुंबांचे बोलणे नेमके तिथल्या सर्वांत वाईट तासांत होते.

दोष शोधण्याचा क्रमही त्यामुळे बदलायला हवा. नेट अडकते म्हटल्यावर सेवा-केंद्राकडून पहिली सूचना येते ती राउटर बंद करून चालू करण्याची आणि दुसरी वरचा प्लॅन घेण्याची. त्याआधी जोडणी रिकामी असताना आणि मोठी फाइल अपलोड होत असताना पिंग, म्हणजे एक छोटे पॅकेट जाऊन यायला लागणारा वेळ, किती येतो, हे दोन आकडे विचारावेत. रिकाम्या जोडणीवर 15 आणि भरलेल्या जोडणीवर 600 मिलिसेकंद असेल, तर रोग रांगेचा आहे आणि वरच्या प्लॅनने तो फार तर लपेल. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल असेल तर ते सुरू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेच्या थोडी खाली बांधल्यावर तो बरा होतो. तार लावल्यावर आकडा सुधारला तर दोष वाय-फायचा. तुकडे करायला मनाई करून 1,464 बाइटचा पिंग जातो आणि 1,472 चा मात्र आकार कमी करण्याचा निरोप न येताच हरवतो, तर पीपीपीओईच्या आठ बाइटचा हिशेब कुठेतरी चुकला आहे. जवळच्या सर्व्हरला सगळे ठीक आणि दूरच्यालाच त्रास असेल, तर अंतर किंवा प्रोग्रॅमची रचना तपासावी. यातली एकही चाचणी पैसे मागत नाही.

भारतातही हे लागू आहे. दूरसंचार नियामक ट्रायने 2024 मध्ये सेवेच्या दर्जाची नवी नियमावली आणली आणि तीत विलंब, जिटर (विलंबातला चढउतार) आणि पॅकेट हरवण्याचे प्रमाण यांचे निकष घातले. दिशा योग्य आहे. पण निकष सरासरीवर आणि रिकाम्या जोडणीवर मोजले तर त्यातून रांग कधीच दिसणार नाही. रांग दिसते ती जोडणी भरलेली असताना आणि गर्दीच्या वेळी. म्हणून दोन्ही देशांच्या नियामकांकडे एकच नेमकी मागणी करावीशी वाटते. प्रत्येक प्लॅनच्या जाहिरातीत वेगाच्या आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, संध्याकाळी 7 ते 11 या वेळेत अपलोड पूर्ण भरलेला असताना मोजलेला विलंब छापावा, आणि कंपनीने दिलेल्या मोडेममध्ये रांगेचे व्यवस्थापन आहे की नाही हे खोक्यावर लिहावे. एसीसीसीकडे घरोघरच्या मोजणी-पेट्यांचा 2018 पासूनचा अनुभव आहे. सुरुवात ऑस्ट्रेलियाने पुढच्याच अहवालापासून करावी.